वनसमिती आणि सामूहिक वनहक्क: जंगल एकच, कागद दोन

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या एखाद्या गावात जंगल कोण सांभाळतं असं विचारलं, तर "आमची समिती आहे ना" असं उत्तर बऱ्याचदा येतं. पण कोणती समिती? संयुक्त वनव्यवस्थापन समिती, जिला लोक नुसती वनसमिती म्हणतात, की सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेची समिती? दोन्हींत माणसं गावातलीच, राखणीचं जंगलही बहुधा तेच. गोंधळ साहजिक आहे, पण तो महागात पडतो.

वनसमिती शासन निर्णयातून आली. केंद्राचं परिपत्रक १ जून १९९० चं, महाराष्ट्राचा निर्णय १६ मार्च १९९२ चा. यात जंगल वनखात्याचं, आराखडाही वनखात्याचा. गावाने चराई-तोड रोखायची, वणवा विझवायचा आणि बदल्यात उत्पन्नाचा वाटा घ्यायचा. काही गावांनी या चौकटीत चांगली कामं केली, ते नाकारायचं कारण नाही. पण शासन निर्णयाने दिलेलं शासन निर्णयाने परतही घेता येतं.

सामूहिक वनहक्क २००६ च्या वनहक्क कायद्यातून येतो. इथे सरकार नवं काही देत नाही, आधीपासूनचा हक्क मान्य करतं. कलम ३ मध्ये गावाच्या पारंपरिक सीमेतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या मालाची, मालकीही आहे. बांबू आणि तेंदूपानं गौण वनोपजातच मोडतात. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता जपण्याचा अधिकार देतं. ही सीमा राखीव जंगलात असो, अभयारण्यात असो की राष्ट्रीय उद्यानात, हक्क लागू होतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने आधी वनसमितीही चालवून पाहिली होती. २००९ साली त्याला सुमारे १,८०० हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. मधली दोन वर्षं मालकी कागदावर आणि बांबू जंगलात.

जंगलात या फरकाने काय होतं ते बांबूच्या बेटापाशी उभं राहिलं की कळतं. मानवेलाच्या बेटात नव्या काठ्या बाहेरच्या अंगाला येतात, पिकलेल्या आत राहतात. मजुरी नगावर असली की तोडणारा बाहेरून हात घालतो, कारण ते सोपं. कोवळ्या काठ्या जातात, आतलं बेट गच्च होऊन वाकडंतिकडं वाढतं. तोडीची शिस्त सगळ्यांना माहीत असते: एक वर्षाच्या आतल्या काठीला हात लावायचा नाही, जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरवर पेऱ्याच्या, म्हणजे गाठीच्या, लगेच वर घाव घालायचा (पेऱ्यापासून उंच तोडलं तर पोकळ खुंटात पाणी साचून तो कुजतो), प्रत्येक बेटात निदान ८ पिकलेल्या काठ्या ठेवायच्या, कंद खणायचा नाही, पावसाळ्यात तोड बंद. नियम दोन्हीकडे तेच. पण ग्रामसभेची तोड असली की तोडणाऱ्यालाच तीन-चार वर्षांनी त्याच बेटाकडे परत यायचं असतं, आणि मोजणीला शेजारी उभा असतो.

तेंदूचं उदाहरण याहून बोलकं. पानं कोवळी आणि मोठी यावीत म्हणून हंगामाआधी झुडपं छाटतात, कुठे कुठे आगही लावतात. आगीत जमिनीवरची रोपं, किडे, जमिनीवरच्या पक्ष्यांची घरटी सगळं जातं. शिवाय छाटलेल्या तेंदूला फळ धरत नाही, म्हणजे अस्वलाचा आणि पाखरांचा घास गेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने याच कारणासाठी तेंदूपानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. हातचं उत्पन्न सोडायचा असा ठराव वनसमिती करू शकत नाही, कारण तेंदूचा लिलाव तिच्या हातात नसतो.

मात्र सामूहिक हक्क मिळाला की जंगल आपोआप वाचतं, हा भाबडेपणा झाला. ग्रामसभेने तेंदू जुन्याच पद्धतीने ठेकेदाराला विकला तर आग तीच लागणार. व्यवस्थापन आराखडाही अनेकदा दुसऱ्या गावाचा उतरवून काढतात, त्यात झाडांची यादी असते, पण पाणवठे, कंद, गवत, देवाची जागा यांचा पत्ता नसतो. आणि या हक्कात काय नाही तेही लक्षात ठेवावं: इमारती लाकूड गौण वनोपजात येत नाही, शिकारीला परवानगी नाही, जमीन विकता येत नाही.

सामूहिक हक्क मागण्याच्या दाव्यात चुका ठरलेल्या जागी होतात. २०१२ च्या सुधारणेनंतर जंगलाच्या व्यवस्थापनाचा दावा नमुना 'सी' मध्ये करायचा असतो, बरीच गावं फक्त 'बी' भरतात आणि चराई-वनोपजाच्या हक्कावर अडकतात. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. सह्या नंतर घरोघरी फिरून घेतलेल्या असल्या की उपविभागीय समितीकडून फाईल परत येते. पुरावे एकापेक्षा जास्त लागतात, निस्तारपत्रक (गावाच्या जंगल वापराच्या हक्कांची जुनी सरकारी नोंद) असेल तर उत्तमच, पण गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि देवस्थान-स्मशानाच्या खुणाही चालतात.

हक्कपत्र हातात आलं की तीन गोष्टी आधी पाहाव्यात. कंपार्टमेंट नंबर (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा) आणि क्षेत्र ठरावाशी जुळतं का. "संयुक्त वनव्यवस्थापनाच्या अटींना अधीन राहून" अशी ओळ कुठे घुसली आहे का. कायद्यात अशी अट नाही. आणि धारक म्हणून ग्रामसभेचंच नाव आहे ना. तिथे वनसमितीचं किंवा ग्रामपंचायतीचं नाव दिसलं, तर ग्रामसभेचा ठराव जोडून जिल्हास्तरीय समितीकडे लगेच दुरुस्ती मागावी, पहिली बांबूतोड सुरू व्हायच्या आत.