जमीन राज्याची, रेल्वे केंद्राची: नवी मुंबईच्या रखडलेल्या जोडणीची पार्श्वभूमी

मुंबई बेटावरची गर्दी ठाणे खाडीपलीकडे वळवावी, हा विचार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्यांच्या कल्पनेत वस्ती, रोजगार आणि वाहतूक वेगवेगळ्या नव्हत्या. नोकऱ्या पलीकडे गेल्या तरच माणसे जातील, आणि माणसे जायची तर रोजची वाहतूक हवी. मार्च १९७० मध्ये सिडको या राज्य सरकारच्या शहर विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभारण्याचे काम तिच्याकडे आले.

जमिनीचा अधिकार असा एका हाती आला, पण रेल्वेचा आला नाही. जमीन आणि नगररचना हे राज्याचे विषय, रेल्वे केंद्राचा. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहनांसाठी खुला झाला, मात्र मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल धावायला मे १९९२ उजाडला. मधल्या काळात घरे बांधली गेली, पण राहायला गेलेल्या माणसाला कामासाठी मुंबई गाठायची तर खाडीपुलावरच्या बसचाच आधार होता. मंत्रालय नव्या शहरात नेण्याची मूळ कल्पनाही प्रत्यक्षात आली नाही.

कोंडी फुटली ती पैशाच्या वाटणीतून. नव्या मार्गांच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला आणि उरलेला रेल्वेने. रेल्वे आली की आसपासच्या जमिनीची किंमत वाढते, आणि तीच वाढ रेल्वेच्या खर्चासाठी वापरायची, असा हा हिशेब होता. वाशी स्थानकात तो आजही डोळ्यांना दिसतो: खाली फलाट, वर कार्यालयांचे मजले. आपल्याकडे वाहतूक आणि जमीन वापर यांची इतकी थेट सांगड फार थोड्या ठिकाणी घातली गेली आहे, आणि तिचे श्रेय सिडकोला द्यायलाच हवे. मुंबईच्या बाजूला केंद्र आणि राज्य यांची सामायिक रचना त्यानंतर आली. १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के आहे.

पर्यावरण या चर्चेत सर्वांत उशिरा आले. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर मर्यादा घालणारी किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ची, म्हणजे शहराचा आराखडा ठरून, खाडीकाठाच्या भूखंडांची आखणी सुरू होऊन बरीच वर्षे लोटल्यानंतरची. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. त्यामुळे खाडीकाठच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला नव्या परवानग्यांतून जावे लागले. उलवे नदीचा प्रवाह वळवून, टेकडी सपाट करून उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळाला २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, तीही अनेक अटींसह. खाडी आणि कांदळवने ही पुराचे पाणी सामावून घेणारी जागा आहे, हे आखणीच्या पहिल्याच टप्प्यात धरले असते तर शहराच्या काही कडा आज वेगळ्या दिसल्या असत्या.

उरणच्या रेल्वेमार्गावर जमीन, पैसा आणि पर्यावरण हे तिन्ही धागे एकत्र आले. खर्चाची वाटणी ठरलेली होती, तरी भूसंपादन आणि कांदळवनांच्या परवानग्या यांत वर्षे गेली. नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला. उरणपर्यंत लोकल पोहोचली ती जानेवारी २०२४ मध्ये, सिडकोच्या स्थापनेला जवळपास ५४ वर्षे होत असताना.