गेम उत्तम, अर्ज बाद: सामाजिक विषयांवरच्या विद्यार्थी गेम स्पर्धांचा अर्ज भरताना

‘आमचा गेम का नाकारला?’ असं विचारत मुलं येतात, तेव्हा मी आधी त्यांचा अर्ज बघायला मागतो. बऱ्याचदा गेम कुणी उघडलेलाच नसतो, अर्ज छाननीतच पडलेला असतो. चार महिने कोडिंग आणि अर्ज शेवटच्या रात्री, असा सगळा मामला. म्हणून गेम कसा बनवायचा हे इथे सांगत नाही. अर्ज कुठे अडतो तेवढंच सांगतो.

तुम्ही ‘विद्यार्थी’ आहात का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण प्रत्येक स्पर्धेचा विद्यार्थी वेगळा असतो. गेम्स फॉर चेंज या संस्थेचं स्टुडंट चॅलेंज २०१५ साली सुरू झालं, ते शाळकरी मुलांसाठी, आणि तेही आधी न्यूयॉर्क शहरातल्या शाळांपुरतं. मायक्रोसॉफ्टच्या इमॅजिन कपमध्ये काही वर्षं गेमचा स्वतंत्र गट होता, पण त्यात स्पर्धक मुख्यतः कॉलेजचे. म्हणजे वयाइतकीच राहण्याच्या ठिकाणाची आणि इयत्तेची अटही बघायची.

वयाच्या अटीत खरी गोम तारखेची असते. वय कधीचं मोजायचं? नोंदणीच्या दिवशीचं, मुदत संपते त्या दिवशीचं, की बक्षीस समारंभाच्या? नियमावलीत हे एका ओळीत दडलेलं असतं. तीन-चार जणांचा संघ असेल तर बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावरून गट ठरतो. धाकट्या तिघांच्या वयावरून गट निवडला की अर्ज गेलाच.

शाळेचं ओळखपत्र चालतं, पण त्यावर चालू वर्ष छापलेलं हवं. नसेल तर शाळेकडून तारखेसह पत्र घ्या. शाळेला सुट्टी लागायच्या आधी घ्या, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

पालकांचं संमतीपत्र

अल्पवयीन मुलांची माहिती घेताना आयोजकांना कायदा पाळावा लागतो. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. युरोपीय संघात ही मर्यादा देशानुसार १३ ते १६ आहे. भारताच्या २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच. त्यामुळे ‘एवढंसं तर आहे, शिक्षकांची सही चालेल’ हा हिशेब चुकतो. शिक्षक पालक नसतात. संघातल्या प्रत्येकाचा फॉर्म वेगळा लागतो आणि एकाचा राहिला तर सगळा संघ बाहेर. मुलानेच ठोकलेली आईची सही छाननीत ओळखू येते. चारही फॉर्मवर एकच वळण असेल तर कुणालाही कळेल.

कुणाकडेच नसतो तो कागद

गेममधलं प्रत्येक चित्र, आवाज, फाँट आणि संगीत कुठून घेतलं आणि कोणत्या परवान्याखाली, याची यादी मागतात. ही यादी तयार असलेला संघ मी क्वचितच पाहिलाय. सहा महिन्यांपूर्वी उतरवलेला पावसाचा आवाज कुठल्या साइटवरचा, हे कोण लक्षात ठेवतो? मग शेवटच्या रात्री ‘इंटरनेटवरून साभार’ असं लिहून मोकळे होतात. ते उत्तर धरत नाहीत.

पहिल्या दिवशी एक साधी तक्ता-फाइल उघडा: फाइलचं नाव, लिंक, कर्त्याचं नाव, परवाना, उतरवल्याची तारीख. आवाज उतरवला की ओळ भरा. जमलं तर परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉटही ठेवा, कारण पानं गायब होतात.

यात गैरसमज ठरलेले आहेत. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा परवाना घेतला की दर वापरामागे पैसे पडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (बदल नको) परवाना असलेल्या चित्राचे रंग बदलून ते गेममध्ये घालता येत नाही. स्क्रॅच या मुलांच्या कोडिंग साइटवर शेअर केलेले प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच ‘सीसी बाय-एसए २.०’ परवान्याखाली असतात (कर्त्याचं नाव द्या, बदललेलंही त्याच परवान्याखाली ठेवा). त्यांचं रीमिक्स करायला, म्हणजे त्यात बदल करून आपलं रूप द्यायला, साइटवर मोकळीक आहे, पण स्पर्धेने ‘स्वतःची मूळ निर्मिती’ मागितली असेल तर रीमिक्स चालणार नाही. एआयकडून चित्रं किंवा कोड करून घेतला असेल तर नियमावलीतलं त्याबद्दलचं कलम शोधा. चालत असेल तर सरळ लिहा. लपवलेलं नंतर उघड झालं, तर मिळालेलं बक्षीसही परत जातं.

एक अनपेक्षित सापळा. आरोग्यावरचा गेम म्हटला की पांढऱ्यावर लाल क्रॉस काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. ते चिन्ह १९४९ च्या जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे, सजावटीसाठी नाही. प्रिझन आर्किटेक्ट या गेमच्या निर्मात्यांना ब्रिटिश रेड क्रॉसच्या पत्रानंतर रुग्णवाहिकेवरचा इवलासा क्रॉससुद्धा बदलावा लागला. हिरवा क्रॉस काढा, विषय संपला.

‘सामाजिक प्रश्न’ हा रकाना

इथे मुलं निबंध लिहितात. ‘प्रदूषण ही आजची गंभीर समस्या आहे’ वगैरे. अर्जात विचारलेलं वेगळंच असतं: खेळताना खेळाडू काय करतो आणि त्यातून तो प्रश्न कसा कळतो? उड्या मारत नाणी गोळा करायची आणि मध्येच पाणी वाचवण्यावर प्रश्नमंजूषा, ही जोडणी परीक्षक लगेच ओळखतात. सुदानमधल्या डारफरच्या संघर्षावरचा २००६ चा ‘डारफर इज डाइंग’ हा गेम अशाच एका विद्यार्थी स्पर्धेतून आला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा. त्यात निर्वासितांच्या छावणीतून कुटुंबातलं कुणाला पाणी आणायला पाठवायचं ते खेळाडूला ठरवावं लागतं, आणि वाटेत सशस्त्र टोळ्या असतात. प्रश्न त्या निवडीतच आहे, वर चिकटवलेला नाही. तुमच्या गेममधली अशी एक निवड दोन वाक्यांत लिहा, रकाना भरला.

मुदत आणि फाइल

‘रात्री ११:५९’ कुठली? काही स्पर्धा ‘एओई’ लिहितात, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. ती मुदत यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपते. अमेरिकेची पूर्वेकडची वेळ दिली असेल तर हिवाळ्यात ती यूटीसीच्या पाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात चार तास. तिथे मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे जातात. त्याच सुमाराची मुदत एका तासाने हुकवलेला संघ मी पाहिला आहे. फॉर्म बंद झाला होता आणि मदतीच्या ईमेलला उत्तर आलं तीन आठवड्यांनी, तेही ठरावीक साच्यातलं.

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचा वेब बिल्ड (ब्राउझरसाठीची तयार आवृत्ती) झिप करून पाठवला आणि परीक्षकाने फोल्डरमधली फाइल नुसती डबल-क्लिक केली, तर तो सहसा चालत नाही. त्याला सर्व्हर लागतो. ब्राउझरमध्ये चालणारी लिंक द्या. विंडोजवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल अक्षर खपून जातं, लिनक्स सर्व्हरवर तेच चित्र गायब होतं. ड्राइव्हची लिंक ‘फक्त माझ्यासाठी’ ठेवून पाठवणारे दर वर्षी असतात. व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ नको, ‘अनलिस्टेड’ ठेवा. सगळ्या लिंक इनकॉग्निटो विंडोत, शक्य असेल तर दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघा.

बाकी नोंदणी, शीर्षक, संघाचं नाव वगैरे दहा मिनिटांचं काम. पोचपावतीचा ईमेल आला नाही तर स्पॅम बघा, तिथेही नसेल तर अर्ज गेलेला नाही असंच समजा. आणि मुदतीनंतर त्याच लिंकवर ‘छोटीशी दुरुस्ती’ चढवू नका. बदलाची तारीख दिसते.