नऊची गोळी

एप्रिल २०२१. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयाच्या औषधविभागात मी तेव्हा कामाला होतो. कोविड वॉर्डाच्या दाराबाहेर एक टेबल मांडलेलं असायचं. नातेवाइकांनी त्यावर पिशव्या ठेवायच्या, मार्करने नाव आणि बेड नंबर लिहायचा आणि पीपीई किट चढवलेले वॉर्डबॉय मामा त्या आत नेणार. पिशव्यांत काय असतं ते पाठ झालं होतं. चार्जर, टॉवेल, मोसंबी, घरचा डबा.

निफाडकडच्या एका बाई दिरासोबत आल्या, पिशवी ठेवून गेल्या आणि अर्ध्या तासाने एकट्याच परत आल्या. "दादा, लाडवाच्या डब्याखाली रुमालात एक डबी बांधलीय. ती त्यांना रात्री नऊला मिळू दे. कुणी विचारलंच तर शक्तीची गोळी म्हणा." (ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.) डबी पांढऱ्या प्लास्टिकची. लेबल नखांनी खरवडून काढलेलं, आत कापूस कोंबलेला. गोळ्या खुळखुळल्या तर घरात प्रश्न येतात. मी तोंड उघडायच्या आत त्या स्वतःच हळू आवाजात म्हणाल्या, "सिव्हिलची गोळी आहे."

त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय म्हणजे आमचं सिव्हिल. 'सिव्हिलची गोळी' म्हटलं की औषधाच्या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. एचआयव्हीवरची एआरटी औषधं देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार भारतात २४ लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यातले सर्वाधिक, ३ लाख ९४ हजार, महाराष्ट्रात. त्यातले बरेच जण सुरगाण्याहून, पेठहून, येवल्याहून एसटीने येऊन गोळ्या घेऊन जाणारे. पहिल्या लॉकडाउनमध्ये एसटीच बंद पडली, तेव्हा एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची मुभा केंद्रांना मिळाली. ती मिळाली नसती तर काय झालं असतं याचा विचार न केलेलाच बरा.

मी बाईंना विचारलं, डॉक्टरांना सांगू का? त्यांनी चहाच्या टपरीशी उभ्या असलेल्या दिराकडे पाहिलं. "डॉक्टरांना सांगा. बाकी कुणाला नको."

एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, नेमकं हेच म्हणतो. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. उपचार करणाऱ्यांना ती एकमेकांना सांगता येते, पण उपचारापुरतीच. आजार पाहून दाखल करून घ्यायला नकार देण्यालाही मनाई आहे. प्रत्यक्षात केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईची खूण करायची सवय काही जुन्या हातांना अजून आहे. कोविड वॉर्डात मात्र एक उलटंच घडलं. एरवी या रुग्णाला हात लावताना दोन-दोन हातमोजे चढवले जातात आणि त्याला ते दिसतं. इथे सगळेच नखशिखांत झाकलेले, सगळ्यांनाच सगळ्यांची भीती. त्याच्या वाट्याला आलेली भीती पहिल्यांदाच इतरांएवढीच होती.

आता त्या गोळीकडे येऊ. बाईंनी एआरटी सेंटरच्या पुस्तकाचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, तीन औषधं एका गोळीत. काही महिन्यांपूर्वीच जुनी गोळी बदलून ही मिळाली होती. कोविडने बेजार झालेल्या माणसाची 'ती दुसरी' गोळी दहा-पंधरा दिवस थांबली तर काय बिघडतं, असं डॉक्टर नसलेल्यालाच नाही, कधीकधी डॉक्टरलाही वाटतं. बिघडतं ते असं. गोळी थांबली की काही आठवड्यांतच विषाणू रक्तात पुन्हा डोकं वर काढतो. तिन्ही औषधं शरीरातून एकाच वेगाने जात नाहीत. जुन्या गोळीतलं एफाव्हिरेन्झ तर साथीदार निघून गेल्यावरही कित्येक दिवस रेंगाळतं. एकटं पडलेलं औषध विषाणूला मारत नाही, आपल्याला चुकवायला शिकवतं. आणि एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतात. ज्याला दोन्ही आजार आहेत त्याची गोळी अचानक बंद केली तर काविळीचा तो विषाणू उसळतो, यकृताचे आकडे चढतात आणि वॉर्डात सगळे म्हणतात, कोविडमुळे असेल.

सीडी-४ चा आकडा हा दुसरा सापळा. एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशी संपवतो, त्या रक्तात किती उरल्यात ते तो सांगतो. आमच्या फिजिशियननी तो मागवला आणि आला १९०. सिव्हिलच्या पुस्तकात सहा महिन्यांपूर्वीचा आकडा होता ६१०. दोनशेच्या खाली म्हणजे धोक्याची रेषा ओलांडली. पण लॅब हा आकडा काढते कसा, ते पाहावं लागतं. रक्तातल्या एकूण लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींपैकी किती टक्के सीडी-४ आहेत यावरून तो येतो. कोविडमध्ये एकूण लिम्फोसाइटच कोसळतात, एचआयव्ही असो वा नसो. या माणसाच्या लिम्फोसाइट २१०० वरून ६८० वर आल्या होत्या. टक्केवारी मात्र आधी २९ आणि आता २८. म्हणजे टोपली लहान झाली होती, टोपलीतलं प्रमाण तेच होतं. कोविडच्या काळात आकड्यापेक्षा टक्क्यांवर विसंबायचं ते यासाठी. हेच टक्के चौदाच्या खाली असते तर मात्र गोष्ट वेगळी होती.

वेगळी म्हणजे कशी? तेव्हा नाशकात भेटणाऱ्याला 'कसा आहेस' ऐवजी 'स्कोअर किती आला' विचारत. छातीच्या एचआरसीटीवर, म्हणजे सीटी स्कॅनवर, पंचवीसपैकी गुण. या रुग्णाला चौदा होते. त्या फोटोत फुप्फुसावर धुरकट काचेसारखे डाग दिसतात आणि ते दिसले की कोविड, असं समीकरण साऱ्या शहराने पाठ केलं होतं. पण प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्या एचआयव्हीबाधिताला न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होतो, त्यातही डाग असेच धुरकट. कोरडा खोकला तसाच, चार पावलं चाललं की ऑक्सिजन उतरणंही तसंच. फरक बहुधा वेगाचा. बुरशीवाला दोन-तीन आठवडे हळूहळू वाढत जातो, कोविड दुसऱ्या आठवड्यात झपकन घसरतो. उपचार मात्र अगदी वेगळे. तिथे कोट्रायमोक्साझोल मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. टीबीचीही अशीच गल्लत होते. टीबी शोधायला आणलेली सीबीनॅट यंत्रं त्या काळात कोविडच्या तपासणीला जुंपली होती, त्यामुळे खोकणाऱ्या माणसाला कोविडच असेल असं धरून चालणं आणखी सोपं झालं. ज्याचे टक्के घसरलेत आणि गोळी सुटलीय, त्याच्या बाबतीत कोविडचा अहवाल पॉझिटिव्ह आला तरी शोध थांबवायचा नसतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

शरीराची फौज थकली की काय होतं याचं टोकाचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं. एचआयव्ही आटोक्यात नसलेल्या ३६ वर्षांच्या एका स्त्रीच्या शरीरात कोविडचा विषाणू २१६ दिवस टिकून होता आणि तेवढ्या काळात त्याच्यात तीसहून अधिक बदल झाले.

सर्वसाधारण धोक्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये २४ देशांतल्या, दाखल झालेल्या पंधरा हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांची माहिती मांडली. वय आणि इतर आजार वजा करूनही रुग्णालयात मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त आढळला. यातले बहुतेक रुग्ण दक्षिण आफ्रिकेतले होते, हे विसरून तो आकडा नाशिकला जसाच्या तसा चिकटवू नये. पण 'गोळी घेतो म्हणजे काहीच फरक नाही' असंही म्हणता येत नाही.

माझ्या खात्यातलं खरं काम निघालं ते ट्रीटमेंट शीट पाहताना. रात्री जेवणानंतर, नऊ वाजता, झिंक. तेव्हा प्रत्येकाला मिळायचं, प्रसादासारखं. आणि नऊलाच बाईंची गोळी. डोल्युटेग्राव्हिर काम कसं करतं ते पाहिलं की हे का चालणार नाही ते कळतं. एचआयव्ही आपली जनुकं माणसाच्या डीएनएत शिवतो. शिवणारं विकर म्हणजे इंटिग्रेज, आणि त्याच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन अणू बसलेले असतात. डोल्युटेग्राव्हिर त्या धातूला चिमट्यासारखं पकडतं आणि शिवण बंद पाडतं. धातू पकडणं हाच त्याचा गुण. पण चिमट्याला मॅग्नेशियम कुठलं, झिंक कुठलं, ते कळत नाही. पोटातच झिंक, लोह, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध भेटलं तर तो तिथेच मिठी मारतो आणि रक्तात पोचतच नाही. म्हणून गोळी अशा औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. मी झिंक सकाळी नऊवर टाकलं. फोनवर सिस्टर वैतागल्या, "दादा, इथं ऑक्सिजन पुरत नाहीये आणि तुम्ही झिंकचं घेऊन बसलात." त्यांचं चुकलं नव्हतं. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, तो २१ एप्रिल नुकताच होऊन गेला होता.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू होतं, रोज ६ मिलिग्रॅम. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं होतं की ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांत या स्वस्त औषधाने मृत्यू कमी होतात, आणि ऑक्सिजन न लागलेल्यांना त्याचा फायदा नाही. एचआयव्ही आहे म्हणून ते टाळायचं कारण नव्हतं. पण त्याने साखर चढते, आणि घरी जाताना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू होते. डोल्युटेग्राव्हिर मूत्रपिंडातला मेटफॉर्मिनचा बाहेर जायचा दरवाजा अडवतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण जवळपास पावणेदोन पट होतं. मात्रा दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. याच अडवणुकीमुळे मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही थोडं वर दिसतं, मूत्रपिंड धडधाकट असूनही. गंमत अशी की गोळीतलं दुसरं औषध, टेनोफोव्हिर, मूत्रपिंडाला खरोखर त्रास देऊ शकतं. त्यामुळे 'दिसतंय तेवढंच' की 'खरंच बिघडलंय', हे जुन्या अहवालाशी ताडूनच ठरवावं लागतं. तो जुना अहवाल सिव्हिलच्या पुस्तकात असतो आणि पुस्तक बहुतेकदा घरी, कपाटात, साड्यांच्या घडीत.

एक जुनी गोष्टही सांगून टाकतो. २०२० च्या मार्चमध्ये लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर या एचआयव्हीच्या औषधजोडीने कोविड बरा होतो अशी मोठी आशा होती. जयपूरमध्ये एका इटालियन दांपत्याला ती दिली गेली. पुढे चीनमधल्या आणि रिकव्हरीच्याही चाचणीत काही फायदा दिसला नाही. तरी बरेच दिवस मला फोन यायचे, की एचआयव्हीची गोळी घेणाऱ्याला कोविड होत नाही ना? होतो.

लसीचंही तसंच काहीसं अडलं. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या, जोखमीचे आजार असलेल्यांना लस खुली झाली. त्या वीस आजारांच्या यादीत एचआयव्ही होता. आमच्या रुग्णाचं वय सत्तेचाळीस. पण डॉक्टरांनी सही केलेला कागद गावच्या केंद्रावर दाखवावा लागला असता, आणि कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा ओळखीचा. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना कागद न दाखवता लस मिळू लागली, तोवर याला खोकला सुरू झाला होता.

चौदाव्या दिवशी ते चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आले. पिशवी माझ्याच टेबलावर परत आली. डबी आत गेली तेव्हा सवयीने मी गोळ्या मोजल्या होत्या, तेवीस. चौदा दिवस म्हणजे नऊ उरायला हव्यात. अकरा निघाल्या. त्यांनाच विचारलं. दाबाने श्वास देणाऱ्या बायपॅप यंत्राचा मास्क होता त्या दोन रात्री तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणाले. या गोळीची पूड पाण्यात कालवून राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, देता येते. लोपिनाव्हिरची गोळी तशी कुटली तर अंगाला नीट लागत नाही, पण ही चालते. ट्यूब घाला असं तेव्हा कुणाला सुचलं नाही. मी रोज झिंकची वेळ तपासत होतो आणि मलाही नाही सुचलं.

"सिव्हिलला पुढच्या महिन्यात डबी मोजतात," ते म्हणाले. "दोन जास्त निघाल्या की ताई ओरडतात. काहीतरी लिहून द्या." मी चिठ्ठी लिहिली: 'दाखल असताना २ मात्रा चुकल्या, तोंडाने घेता येत नव्हतं, नंतर नियमित.' खाली तारीख टाकली. रुग्णालयाचा शिक्का मारू का विचारलं तर नको म्हणाले. चिठ्ठीची बारीक घडी करून त्यांनी ती डबीत कापसाच्या जागी कोंबली आणि झाकण लावून डबी एकदा कानाशी हलवून पाहिली.