प्रत्यारोपणानंतरचा स्टेंट आला कुठून?

सोलापूरचा रुग्ण यकृत प्रत्यारोपणासाठी सहसा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतो. ऑपरेशन पार पडतं, नवं यकृत कामाला लागतं, घरचे जरा निवांत होतात. आणि काही महिन्यांनी रक्ताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारा घटक) वाढलेलं दिसतं, अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे होतात. डॉक्टर सांगतात, पित्तनलिका जोडाच्या जागी, म्हणजे दात्याची नलिका रुग्णाच्या नलिकेला शिवली तिथे, आकसली आहे; दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकावी लागेल. ‘म्हणजे परत पोट उघडणार?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न. त्याला आज बहुतेक वेळा ‘नाही’ असं उत्तर देता येतं. ते उत्तर मिळवायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

१९६३ साली सोलापुरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण करून पाहिलं. तो लहान मुलगा वाचला नाही. वर्षभराहून अधिक जगलेले पहिले रुग्ण १९६७ च्या शस्त्रक्रियांमधले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी हे काम हाती घेतलं. दोघांनाही सारखीच अडचण आली. रक्तवाहिन्या जोडता येत होत्या, पण पित्ताची वाट धड राहत नव्हती. जोडातून पित्त गळायचं, जंतुसंसर्ग व्हायचा, रुग्ण दगावायचे. काल्न यांनी या जोडाला प्रत्यारोपणाची ‘अकिलीसची टाच’, म्हणजे सगळ्यांत दुबळी जागा, म्हटलं.

दोष केवळ टाक्यांचा नव्हता. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं, पण पित्तनलिकेची मदार मुख्यतः रोहिणीच्या (शुद्ध रक्त आणणाऱ्या वाहिनीच्या) बारीक फांद्यांवर असते. दात्याच्या शरीरातून यकृत काढताना नलिकेला खालून येणारा पुरवठा तुटतो आणि तिचं कापलेलं टोक वरून येईल तेवढ्या रक्तावर तग धरतं. रक्त कमी पडलं की तिथे जखम भरल्यासारखा कडक व्रण धरतो आणि तो हळूहळू आवळत जातो. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर १९८० च्या दशकात रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले आणि मगच हे सावकाश आकसणं मोठ्या प्रमाणात दिसू लागलं. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच: माणसं वाचायला लागली म्हणून हा आजार नजरेत भरला.

तेव्हा उपाय दोनच होते. पुन्हा पोट उघडून नलिका थेट आतड्याला जोडायची, नाहीतर बरगड्यांमधून यकृतात सुई घालून नळी बाहेर काढायची. महिनोन्‌महिने कुशीला पिशवी लावून वावरणं काय असतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक.

तिसरी वाट पोटविकाराच्या डॉक्टरांनी काढली, आणि सुरुवातीला तिचा प्रत्यारोपणाशी काही संबंध नव्हता. १९६८ मध्ये वॉशिंग्टनचे सर्जन विल्यम मॅक्यून यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांच्या तोंडात बारीक नळी सरकवली. जपानी डॉक्टरांनी दुर्बीण सुधारली आणि तंत्र पक्कं केलं. यालाच आपण ईआरसीपी म्हणतो. १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी, तर जपानमध्ये कावाई यांनी नलिकेचं तोंड दुर्बिणीतूनच कापून मोठं केलं. १९७९ मध्ये हॅम्बुर्गला नीब झोएहेंद्रा यांनी कर्करोगाने बंद झालेल्या पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी ठेवली. हा दुर्बिणीतून टाकलेला पहिला पित्ताचा स्टेंट. पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी सुमारे ३.३ मिलिमीटर जाडीचे स्टेंट रुळवले.

कर्करोगात नळी तुंबली तर बदलायची, एवढंच उद्दिष्ट होतं. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला मात्र पुढे अख्खं आयुष्य काढायचं असतं, त्यामुळे जोड कायमचा रुंद होणं गरजेचं. नुसता फुगा फुगवून जोड ताणला तर तो बऱ्याचदा पुन्हा आवळतो. रोमच्या गुइदो कोस्तामान्या यांच्या गटाने शस्त्रक्रियेनंतर आकसलेल्या नलिकांसाठी वेगळी पद्धत २००१ मध्ये मांडली: दर तीन महिन्यांनी जुने स्टेंट काढायचे, नलिकेत मावतील तेवढे जास्त स्टेंट शेजारी शेजारी ठेवायचे, आणि हे साधारण वर्षभर चालू ठेवायचं. तीन महिने अशासाठी, की प्लास्टिकच्या नळीत गाळ साचून ती तुंबते.

नंतर आवरण असलेले धातूचे स्टेंट आले. हे आपोआप फुलतात, १० मिलिमीटरपर्यंत रुंद होतात आणि आवरणामुळे काढताही येतात. २०१६ मध्ये ११२ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले बरेच प्रत्यारोपणाचे होते. धातूचा स्टेंट गुणात प्लास्टिकपेक्षा कमी पडला नाही आणि ईआरसीपी सरासरी तीनऐवजी दोनच्या आसपास लागल्या. तो कधीकधी जागचा सरकतो, ही त्याची उणी बाजू.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आणि यशस्वी यकृत प्रत्यारोपणं १९९८ पासूनची. आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत दात्यांकडून, म्हणजे घरातल्याच माणसाकडून येतात, आणि त्यात जोड आकसण्याचं प्रमाण जास्त असतं. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत ते साधारण ५ ते १५ टक्के, तर जिवंत दात्याच्या बाबतीत ३० टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. यकृताच्या उजव्या भागाच्या नलिका बारीक असतात, कधी दोन निघतात, आणि जोड नलिकांच्या फाट्याजवळ पडतो. अशा ठिकाणी रुंद धातूचा स्टेंट शेजारची नलिका बंद करू शकतो, म्हणून अनेकदा प्लास्टिकच बरं ठरतं. जन्मजात दोषामुळे प्रत्यारोपण झालेल्या लहान मुलांमध्ये नलिका थेट आतड्याला जोडलेली असते. तिथवर नेहमीची दुर्बीण पोचत नाही आणि अनेकदा बरगड्यांमधून सुई घालून यकृताकडूनच वाट काढावी लागते.

पुण्याला जायचं तर इथून अडीचशे किलोमीटर, म्हणून दोन ईआरसीपी की चार, हा प्रश्न सोलापूरकरासाठी रजेचा, पैशाचा आणि सोबत कोण येणार याचाही आहे. तो डॉक्टरांना स्पष्ट विचारावा. स्टेंट कोणता, किती, कधी टाकला आणि कधी काढायचा, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावं. बरं वाटतंय म्हणून तारीख टाळू नये, आणि कावीळ दिसली म्हणून झाडपाल्याचं औषध तर मुळीच घेऊ नये. त्याने नवं यकृत दुखावू शकतं आणि टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या रोजच्या औषधाची, रक्तातली पातळीही बिघडू शकते. स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर सकाळच्या गाडीची वाट पाहत बसायचं नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या माणसात पित्ताचा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. प्रत्यारोपण केलेल्या डॉक्टरांना फोन लावून सोलापुरातच दाखल व्हावं, रक्ताचं कल्चर (जंतू कोणता ते शोधणारी तपासणी) पाठवून अँटिबायोटिक सुरू करावं, आणि मग पुण्याला न्यायचं की नाही ते ठरवावं.