माशी, खाच आणि कडं : .२२ रायफलीवर पीप साईट कशी आली

नागपुरात रेंजवर नवं पोर आलं की नावाआधी त्याचा गट कळतो. हा ओपनवाला, ती पीपवाली. साईट म्हणजे रायफलीवरचं नेम धरायचं साधन. ओपन म्हणजे मागची साईट उघड्या खाचेची. पीप म्हणजे मागच्या साईटच्या चकतीतलं एक-सव्वा मिलिमीटरचं भोक. ते .२२ इंची नळीच्या रायफलीवर बसवायचं काम तसं स्क्रू, पट्टी आणि क्लिकांचं, म्हणजे साईट सरकवणाऱ्या चाकाच्या टप्प्यांचं आहे, एका दुपारी उरकणारं. तरी हे भोक आपल्याकडे इतक्या उशिरा पोचलं, आणि पोचल्यावर त्याच्यावरून पोरांचे दोन तट पडले. त्याची ही पार्श्वभूमी.

फार जुनं थोडक्यात सांगतो. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीच्या शिपायांनी ज्या बंदुका झाडल्या त्यांना मागची साईट नव्हतीच. आतून गुळगुळीत नळीची बंदूक, समोर दाट रांग, नेमाची गरज बेताची. नळीत आटे आले, गोळी लांब आणि सरळ जाऊ लागली, तेव्हा मागे खाच आली. लांब पल्ल्याच्या अमेरिकी रायफलींवर दस्त्याच्या मानेवर उभी राहणारी भोकाची साईट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसते. १८७९ मध्ये तिथल्याच एका शिकारी कारागिराने मोठ्या भोकाच्या आणि पातळ कडेच्या साईटचं पेटंट घेतलं. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट आजही पहिल्या दिवशी शिकवावी लागते : भोकाकडे बघायचं नसतं, भोकातून बघायचं असतं. डोळा उजेडाचा मध्य आपोआप शोधतो. .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ चं, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकात .२२ च्या स्पर्धा आल्या. म्हणजे काडतूस आणि भोक यांची गाठ युरोप-अमेरिकेत पहिल्या महायुद्धाआधीच पडलेली होती.

आपल्याकडे ती पडली नाही, कारण आपण रायफल शिकलो ती फौजेकडून. कामठीची छावणी नागपूरपासून हाकेच्या अंतरावर, आणि या भागात नेमबाजीचं जे काही शिक्षण झालं ते तिथल्या शिस्तीत झालं. हातात ब्रिटिश फौजेची एन्फिल्ड रायफल. तिची मागची साईट नळीवर, डोळ्यापासून लांब, उघड्या खाचेची. खाच आणि माशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी उभी असलेली समोरची साईट, यांच्यात अंतर सुमारे १९ इंच. पुढे ब्रिटिशांनी नव्या एन्फिल्डवर साईट मागे डोळ्याजवळ नेली, भोकाची केली, आणि हेच अंतर २८ इंचांच्या वर गेलं. आपल्याकडच्या इशापूरच्या रायफल कारखान्यात मात्र जुनाच नमुना चालू राहिला. १९६० च्या दशकात ७.६२ मिलिमीटरसाठी तीच रायफल सुधारून काढली, तेव्हाही मागची साईट नळीवरच राहिली, खाचेचीच. त्याच काळात आलेल्या एसएलआर या स्वयंभरण रायफलीला भोक होतं, पण ती रायफल पलटणीत गेली. कॉलेजच्या मैदानावर कॅडेटांना मिळाली ती जुन्या एन्फिल्डमध्ये .२२ ची नळी घालून केलेली एकेरी बाराची रायफल, आणि तिच्यावर तीच खाच. नागपूरच्या दोन-तीन पिढ्यांनी आयुष्यातली पहिली गोळी या खाचेतून झाडली. घरी सांगताना शब्द असे : माशी खाचेत मधोमध घे, माशीचं टोक आणि खाचेचे कान एका पातळीत आण, आणि निशाणाचा काळा गोळा माशीवर ठेव.

इथे एका शब्दाबद्दल सांगायलाच हवं. कवायतीच्या हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. मराठी पोराला पहिल्यांदा वाटतं, उस्ताद वागणूक सुधारायला सांगतोय. पण हा शब्द मुळात नेमाचाच. फारसीत ‘शस्त’ म्हणजे धनुर्धराच्या अंगठ्यातली कडी, आणि त्यावरून नेम. मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं होतं. वळण, टापटीप हा अर्थ पुढे प्रबळ झाला. अंगठ्यातल्या कडीपासून निघालेला शब्द आज समोरच्या साईटमधल्या कड्यापर्यंत आला आहे, याचा मला खरोखर आनंद वाटतो.

खाचेची अडचण डोळ्याच्या रचनेतली आहे. खाच, माशी आणि निशाण ही तीन वेगळ्या अंतरांवरची तीन वस्तू, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. चाळिशीनंतर तर खाच विरघळूनच जाते. भोकाने तीनातली एक वस्तू कमी होते. शिवाय बारीक भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बरंच स्पष्ट दिसतं. तिसरी गोष्ट उन्हाची, आणि ती नागपूरकराला वेगळी समजावून सांगायला नको. उघड्या माशीवर ऊन एका बाजूने पडलं की ती बाजू चकाकते, डोळा उरलेल्या काळ्या भागालाच पूर्ण माशी समजतो आणि गोळी उन्हाच्या बाजूला सरकते. म्हणून जुने नेमबाज माशीला कापराची काजळी धरत. पीपच्या जोडीला समोर येतं ते नळकांडं, आत कडं. माशी सावलीत गेली, काजळी संपली.

आता मूळ गुंत्याकडे येतो. त्याने या विषयाचं जितकं नुकसान केलं तितकं ना किमतीने केलं ना लायसन्सने.

आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत १० मीटर एअर रायफलचे दोन गट असतात, ओपन साईट आणि पीप साईट. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत असा ओपन साईटचा गट नाही. दोन गट करण्यामागचं कारण प्रामाणिक होतं. परदेशी मॅच रायफल, म्हणजे खास स्पर्धेसाठी बनवलेली, सगळ्यांना परवडत नाही, आणि देशी बनावटीच्या साध्या रायफलवर नेम धरणाऱ्या हिंगणा-कळमेश्वरच्या पोराला लाखांच्या रायफलीशी एका ओळीत उभं करणं अन्याय झाला असता. या गटामुळे कितीतरी मुलं रेंजवर आली, हे मान्यच. पण अर्जावरच्या त्या दोन शब्दांनी अर्थ बदलला. ‘पीप’ हे साईटचं नाव उरलं नाही, ते अख्ख्या महागड्या रायफलीचं नाव झालं. पालक विचारतात, पीप घ्यायची म्हणजे किती लाख? खरं तर पीप ही मुठीत मावणारी वस्तू. ती साध्या रायफलवर बसवता येते, पण बसवली की ते पोर नियमाने पीपच्या गटात जातं आणि तिथे त्याची गाठ नेमक्या त्याच लाखांच्या रायफलींशी पडते. म्हणून कोणी बसवत नाही. वर्षानुवर्षं खाचेतूनच नेम चालतो, आणि .२२ हातात येते तेव्हा अंगवळणी पडलेलं सगळं पुसावं लागतं.

पुसायचं काय, तर काळा गोळा माशीच्या टोकावर, सहाच्या काट्यावर, म्हणजे घड्याळात सहा असतात त्या खालच्या कडेवर बसवायची सवय. गोळी मध्यात लागते, नेम मात्र खाली. कड्याच्या साईटमध्ये एकात एक वर्तुळं असतात : मागचं भोक, समोरचं नळकांडं, त्यातलं कडं, त्यात काळा गोळा. नेम थेट मध्यात. तीन-चार वर्षं सहाच्या काट्यावर घासलेला डोळा दडपणाच्या बारात पुन्हा खाली उतरतो. दोन गट ठेवण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, खाचेवर शिकलेला कुठेही नेम धरतो. सैनिकासाठी ते खरं असेल. स्पर्धेतल्या पोरासाठी मला ते पटत नाही. गट रायफलीच्या किमतीवर किंवा बनावटीवर पाडा, साईटवर पाडू नका, एवढाच मुद्दा आहे.

त्यात ‘डायॉप्टर’ हा तिसरा शब्द, पीप साईटचंच दुसरं नाव. जर्मन बनावटीच्या सामानासोबत तो आला. मूळ ग्रीक, आरपार पाहायचं साधन असा अर्थ. पण चष्म्याच्या नंबराचं एककही डायॉप्टरच. सीताबर्डीवरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन डायॉप्टर मागितला तर समोरचा भिंगच काढणार. गोंधळ वाढतो कारण नियमांनुसार मागच्या साईटवर दृष्टिदोषाचं भिंग लावता येतं, दुर्बीण मात्र चालत नाही. म्हणजे डायॉप्टरमध्ये डायॉप्टरचं भिंग बसू शकतं.

क्लिकांची भानगड याच वंशातली. ब्रिटिश वळणाच्या जुन्या साईटवर बाण सांगतो की गोळी कुठे सरकेल. जर्मन साईटवरचं अक्षर सांगतं की गोळी कुठे लागली. बार उजवीकडे गेला तर ‘आर’कडे फिरवायचं, आणि मग गोळी डावीकडे येते. दुर्दैवाने उजवं-डावं यांची आद्याक्षरं इंग्रजीत आणि जर्मनमध्ये एकच आहेत, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. जुन्या ब्रिटिश साईटवरून आलेल्या माणसाने उलटं फिरवून अर्धी पेटी काडतुसं घालवलेली मी पाहिली आहेत.

बसवण्यातही इतिहास आडवा येतो. मॅच रायफलीच्या पाठीवर ११ मिलिमीटरची पन्हळ कोरलेलीच असते, साईट सरकवा आणि आवळा. साध्या शिकारी .२२ वर ती असेलच असं नाही, आणि तिथे भोकं पाडायचं काम लायसन्सधारक कारागिराकडेच द्यावं लागतं. मोठी चूक उंचीची होते. भोकाची साईट खाचेपेक्षा उंच बसते, आणि मागची बाजू उचलली की गोळी वर जाते. समोरची माशी तीच ठेवली तर क्लिक खाली संपतात तरी गोळी वरच. समोरही तितकीच उंची द्यावी लागते. नळीवरची जुनी खाच काढून टाकणं हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

बारकाव्याचा अंदाज यावा म्हणून : भोक आणि कडं यांच्यात ८०० मिलिमीटर अंतर असेल, तर साईट ०.१ मिलिमीटर हलली की ५० मीटरवर गोळी सव्वासहा मिलिमीटर सरकते. तिथल्या निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर. पट्टी किंचित ढिली असली की दहाचे आठ होतात आणि पोर स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतं. समोरच्या कड्याबाबतही मत बदललं आहे. पूर्वी काळ्याभोवती पांढऱ्याची बारीक रेघ उरेल इतकं घट्ट कडं घालत. आता कडं मोठं ठेवतात, कारण घट्ट कड्यात डोळा मध्य ठरवता ठरवता थकतो आणि बार उशिरा सुटतो.

परदेशी सामान आपल्याकडे दुर्मीळ राहिलं त्याला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदुकांच्या आयातीवर आलेली बंधनंही कारण आहेत. सवलत राहिली ती नामांकित नेमबाजांना, म्हणजे आधी नाव काढलेल्यांना. तरी महाराष्ट्राने .२२ सोडली नाही. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या नेमबाजाने ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून झाडायच्या स्पर्धेत, जागतिक सुवर्ण मिळवलं, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच दुसऱ्याने थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य. त्यानंतर नागपुरातही .२२ बद्दल विचारणा करणारे पालक दिसू लागले. तोवर एअर रायफलपलीकडे कोणी विचारत नसे.

प्रोनची वेगळी स्पर्धा २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेली. उरली ती थ्री पोझिशन, आणि २०२२ पासून तीही १२० वरून ६० बारांवर आली. निलिंग (गुडघ्यावर), प्रोन, स्टँडिंग (उभं) अशी तीन आसनं, प्रत्येकात गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकतो आणि भोकापासून डोळ्याचं अंतर बदलतं. म्हणून एका आसनातून दुसऱ्यात जाताना किती क्लिक, हे प्रत्येकाच्या वहीत लिहिलेलं असतं. नागपूरच्या वह्यांत तारखेसोबत वेळही असते. मे महिन्यात जमीन तापून हवा थरथरू लागली की काळा गोळा जागचा सरकल्यासारखा दिसतो, आणि सकाळी सातचे क्लिक दहा वाजता चालत नाहीत.