आफ्रिकेचे प्राणी आणि डायनासोर : प्रदर्शन ठरवण्याआधी एकदा वाचा

दिवाळीच्या सुट्या तोंडावर आल्या की आमचा फोन वाजायला लागतो. बाग असो, प्राणिसंग्रहालय असो, शाळा असो की गृहनिर्माण संस्थेचं मैदान, मागणी साधारण एकच असते : "मोठा डायनासोर पाहिजे, तोंड उघडणारा, आणि सोबत जिराफ, हत्ती, सिंह." आम्ही नागपुरात असे हलणारे प्राणी घडवतो आणि एक-दोन महिन्यांच्या हंगामासाठी भाड्याने देतो. आमचे बहुतेक कारागीर मूर्तिकामातून आलेले आहेत. चितार ओळीत माती मळत, गणपतीच्या सोंडेला वळण देत ज्यांचा हात तयार झाला, तेच आज शहामृगाची मान घडवतात. प्रत्येक नव्या ग्राहकाला आम्ही जे तोंडी सांगतो, ते या पत्रकात लिहून ठेवलं आहे.

आधी एक गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आफ्रिका आणि डायनासोर हे दोन्ही विषय दूरदेशीचे, आपल्याशी त्यांचा काय संबंध, असं लोकांना वाटतं. वास्तविक या दोन्ही गोष्टींचा धागा विदर्भाच्या मातीतून जातो. डायनासोरांच्या काळात भारत, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकाच महाखंडाचे भाग होते. त्या महाखंडाचं नाव गोंडवाना. हे नाव आलं गोंडांच्या भूमीवरून, म्हणजे आपल्याच मुलखावरून. 1702 मध्ये नागपूर वसवणारे बख्त बुलंद शाह गोंड राजेच होते. जगभरची मुलं भूगोलात जो शब्द शिकतात तो इथला आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावं म्हणून आमच्या प्रत्येक प्रदर्शनाची सुरुवात गोंडवानाच्या नकाशाने होते. नकाशा नको असेल तर भाडं कमी होणार नाही, पण तो ठेवाच अशी आमची विनंती आहे.

भारताचा भूखंड आफ्रिकेपासून सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी सुटू लागला आणि मादागास्करपासून सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. म्हणूनच गुजरातेत रहिओलीला सापडलेला राजासॉरस आणि मादागास्करचा माजुंगासॉरस हे एकाच कुळातले मांसाहारी डायनासोर आहेत. राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव 2003 मध्ये दिलं गेलं. त्याच्या कपाळावर छोटं, बोथट शिंग होतं. ग्राहक टी-रेक्स मागतात. तो आमच्याकडे आहे आणि देतोही, पण तो उत्तर अमेरिकेचा. आफ्रिकेच्या मांडवाशेजारी शोभतो तो राजासॉरस, आणि मुलांना "हा आपला" म्हणून सांगता येतं ते वेगळंच.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा हे गाव आहे. तिथल्या लॅमेटा थरांत (डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या गाळाच्या खडकांत) डायनासोरांची हाडं सापडली, तशीच त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडली. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोर गवत खात होते याचा तो पहिला पुरावा. त्याआधी गवत हे डायनासोरांनंतर पृथ्वीवर आलं असं मानत. पिसदुऱ्याच्या त्या दगडांनी जगाच्या पुस्तकांतलं चित्र बदललं, म्हणून आमच्या लांबमानेच्या डायनासोरच्या पायाशी आम्ही हिरवं गवत लावतो. "डायनासोरांच्या वेळी गवत नव्हतं ना?" असं कोणी विचारलं तर आमचा माणूस पिसदुऱ्याची गोष्ट सांगतो. हे ऐकताना मोठी माणसंसुद्धा थांबतात.

त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेल्या सांगाड्याचं वर्णन 1997 मध्ये झालं आणि 2003 मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं. नावातला 'इसि' म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. लांबी अंदाजे 18 मीटर, पुढचे पाय लांब. तेवढा पूर्ण प्राणी उभा करायला मोठं मैदान लागतं; छोट्या जागेसाठी आम्ही फक्त मान, डोकं आणि पुढचे पाय देतो. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे तो लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोरांच्या शेवटाच्या काळातला, हेही पाटीवर लिहितो. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, ते स्टीफन हिस्लॉप 19व्या शतकात नागपूरजवळच्या टाकळीला जीवाश्म गोळा करत. या जागा पाहायला जायचं असेल तर जरूर जा, फक्त दगड उचलून घरी आणू नका.

एक चूक वारंवार होते. जिराफ आणि डायनासोर एकाच मांडवात उभे केले की पोरांना वाटतं, दोघं सोबत राहत होते. दोघांमध्ये 6 कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे. म्हणून दोन विभागांमध्ये आम्ही एक रिकामी, अंधारी वाट सोडतो, साधारण पंधरा पावलांची. ती वाट वाचवून तिथे आइस्क्रीमचा स्टॉल लावू द्या, असं काही जण म्हणतात. आम्ही नाही म्हणतो.

दोन्ही विभागांना जोडणारा एकच प्राणी आहे, शहामृग. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, आणि शहामृग आजचा सगळ्यात मोठा पक्षी. उंची पावणेतीन मीटरपर्यंत, धाव ताशी 70 किलोमीटर. तो पूर्वी आपल्याकडेही होता. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याची कोरीव नक्षी असलेली कवचं सापडली आहेत, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. अंधाऱ्या वाटेच्या टोकाला आम्ही त्यालाच उभा करतो. जिराफाशेजारी जिराफाटायटन नावाच्या डायनासोरचं चित्र असतं. त्याची हाडं आजच्या टांझानियात टेंडागुरूला 1909 ते 1913 या काळात खणून काढली. जिराफ साडेपाच मीटरपर्यंत वाढतो, तर बर्लिनच्या संग्रहालयात उभा केलेला तो सांगाडा 13 मीटरहून उंच आहे. मात्र जिराफाच्या त्या लांब मानेत मणके सातच, तुमच्या-आमच्याइतकेच.

आफ्रिका विभागात वाघ ठेवा, अशी मागणी नागपुरात हमखास होते. ताडोबा-पेंच इतकं जवळ असताना वाघाशिवाय जंगल कसं, हे आम्हाला कळतं, पण आफ्रिकेत वाघ नाही. चितळही नाही. तिथे दिसतात ते इम्पाला आणि त्यांचे भाऊबंद, काळविटासारखे प्राणी, ज्यांची शिंगं जन्मभर टिकतात. चितळाची फांद्यांसारखी शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. चित्त्याची गोष्ट आणखी जवळची. भारतातून तो नाहीसा झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं आणि 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले. हत्तीबाबत आमच्याकडूनही चूक झाली होती. पहिल्या वर्षी आमच्या आफ्रिकन हत्तीचे कान छोटे आणि सोंडेच्या टोकाला एकच बोट होतं. एका शाळकरी मुलीने ते दाखवून दिलं. आफ्रिकन हत्तीचे कान मोठे, सोंडेला दोन बोटं आणि मादीलाही मोठे सुळे असतात. आम्ही तो हत्ती परत आणला, सोंड कापून नवी बसवली. तेव्हापासून साचा करण्याआधी संदर्भ तपासल्याशिवाय माती हातात घेत नाही.

प्राणी हलतो कसा? आत लोखंडी सांगाडा, सांध्यांवर मोटरी (लहान प्राण्यांना गाडीच्या वायपरची मोटर पुरते), त्यावर फोम, फोमवर जाळीचं कापड आणि वरून सिलिकॉनची कातडी. पुढे कोणी आलं की सेन्सर चालू होतो आणि मान वळते. रंगाबद्दल खरं सांगायचं तर बहुतेक डायनासोरांचा रंग आमच्या कल्पनेचा आहे. ज्यांचा रंग जीवाश्मांतून कळला असे थोडेच. सायनोसॉरोप्टेरिक्सची तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची शेपटी त्यांतली एक. आवाजही तसाच. सिंहासारखी डरकाळी कोणत्याही जीवाश्मात टिकत नाही. त्यामुळे आम्ही मगर आणि शहामृग तोंड मिटून काढतात तसा खोल घुमणारा आवाज लावतो. अंगावर काटा त्यानेही येतो.

खऱ्या प्राणिसंग्रहालयात प्रदर्शन असेल तर आवाजाची अट आम्ही घालतो, ग्राहकाने नव्हे. स्पीकरचं तोंड पिंजऱ्यांकडे नसेल, सूर्यास्तानंतर आवाज बंद, आणि पिल्लं असलेल्या पिंजऱ्याजवळ एकही हलणारा पुतळा नाही. आतल्या जिवंत प्राण्यांना तिकीट काढून बाहेर पडता येत नाही. पोपट, अजगर, माकड असं काही जिवंत "आकर्षणासाठी" आणून द्या, ही मागणी कृपया करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. खरे वाघ, बिबटे, अस्वलं मुलांना दाखवायची असतील तर गोरेवाड्याला न्या. तिथली भारतीय सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली. शाळांना आम्ही रमण विज्ञान केंद्राची सहलही त्याच आठवड्यात ठेवायला सुचवतो, तिथेही डायनासोरांचे पुतळे आहेत.

हंगाम कोणता चांगला? नागपूरसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात पहाटे दव पडतं, म्हणून कंट्रोल बॉक्स रात्री झाकणं आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसणं गरजेचं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की सिलिकॉन तापतं; आमच्या एका गेंड्याची पाठ उन्हात तडकली होती. उन्हाळ्यात आम्ही फक्त संध्याकाळी पाचनंतर चालवतो आणि दुपारी पांढरं कापड टाकतो. पावसाळ्यात पक्क्या छपराखालीच.

जागेचं म्हणाल तर मोठ्या राजासॉरसला चाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद जागा लागते, कुंपणासकट. कुंपण पुतळ्यापासून किमान पाच फुटांवर. वीज सिंगल फेज चालते, पण अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर आमच्या इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय स्वीच दाबला जाणार नाही. वायरी जमिनीवर उघड्या नकोत. जनरेटर तुमचा, सोबतचा माणूस आमचा. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली उभारणी झाल्यावर. दिवाळीसाठी ऑगस्टमध्येच कळवा, कारण पोळा ते गणपती आमचे कारागीर मूर्तींच्या कामात असतात.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारी बारकी पोरंही प्रदर्शनाला येतात, आणि त्यांतली काही डायनासोर हलला की रडतात. म्हणून प्रत्येक मोठ्या प्राण्याच्या बाजूला आमचा माणूस उभा असतो आणि त्याच्या हातात सेन्सर बंद करायचं बटण असतं. पोर घाबरलं तर आमच्या माणसाला सांगा. तो प्राणी थांबवेल, कातडीला हात लावू देईल आणि पोराने हो म्हटल्यावरच पुन्हा चालू करेल.