डोल्डर
डोल्डर : फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील रिकवीर या गावाच्या वेशीवरचा मध्ययुगीन मनोरा. बांधकाम इ. स. १२९१, उंची सुमारे २५ मी. कोलमार शहराच्या वायव्येस, व्होज पर्वताच्या पायथ्याशी द्राक्षमळ्यांनी वेढलेले हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेच्या, चढाकडच्या टोकाला मुख्य रस्ता या मनोऱ्याखालून बाहेर पडतो. ‘डोल्डर’ हा अल्सासी बोलीतला शब्द. अर्थ सर्वांत उंच जागा.

मनोऱ्याला दोन तोंडे आहेत आणि ती एकाच इमारतीची वाटत नाहीत. बाहेरून पाहावे तर उघडीबोडकी दगडी भिंत, तळाशी कमान आणि मारा करण्यासाठी ठेवलेल्या अरुंद जंग्या. कमानीखालून आत येऊन मागे वळावे, तर समोर चक्क घर दिसते : कमानीच्या वर एकावर एक चार मजले, उभ्या-आडव्या-तिरक्या तुळयांचा सांगाडा, त्यात बसवलेल्या खिडक्या आणि अगदी वर घंटेची छोटी छत्री. या भागातली जुनी घरे अशीच असतात. लाकडी चौकटींमधली जागा कुडाने भरून वर लिंपण करतात.

हा नुसता शोभेचा प्रकार नव्हे. दगड महाग आणि जड, म्हणून जिथे मार बसायचा तिथेच तो घालायचा, हा एक हिशेब. दुसरा अधिक धूर्त. तटाच्या बुरुजांची गावाकडची बाजू मध्ययुगात पुष्कळदा उघडी किंवा कच्ची ठेवत. शत्रूने बुरूज घेतलाच, तर गावातून होणाऱ्या माऱ्यापुढे त्याला आडोसा मिळू नये. शिवाय डोल्डरमध्ये पहारेकऱ्याचे बिऱ्हाड असे. वेस बंद करण्याची वेळ झाली की घंटा वाजवायची, आग किंवा शत्रू दिसला की गाव उठवायचे, हे त्याचे काम.

गावाभोवती तट आणि खंदक घातला तो ऑरबुर्गच्या सरदारांनी. १३२४ मध्ये त्यांनी रिकवीर व्युर्टेम्बर्गच्या काउंटांना विकले. पुढे अल्सासचा मोठा भाग फ्रान्सकडे गेला, तरी रिकवीरवर या जर्मन घराण्याची मालकी फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकली. फ्रान्समधल्या वेशीचे नाव फ्रेंच वाटत नाही, यात म्हणूनच नवल नाही.

तोफा आल्यावर एकट्या डोल्डरचा भरवसा धरता येईना. १५व्या-१६व्या शतकांत त्याची मजबुती करण्यात आली. १५०० च्या सुमारास बाहेर दुसरा तट उभा राहिला आणि त्यात ओबरटोर, म्हणजे वरची वेस, बांधली गेली. तिथे उचलता पूल होता. वरून खाली सोडायची अणकुचीदार जाळी अजून जागेवर आहे. त्यामुळे वरून गावात यायचे तर एकामागे एक दोन वेशी ओलांडाव्या लागतात. उताराकडच्या खालच्या वेशीचे नशीब इतके चांगले नव्हते : १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या जागी नगरपालिकेची इमारत आली.

एवढ्या तयारीनेही तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) रिकवीर लुटले गेलेच. दुसऱ्या महायुद्धात मात्र दैवाने साथ दिली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोलमारभोवतीच्या लढाईत बेनवीर आणि मिटेलवीर ही शेजारची गावे जवळजवळ जमीनदोस्त झाली. रिकवीरची घरे, तट आणि डोल्डर शाबूत राहिले.

डोल्डरच्या आतल्या बाजूला, पायथ्याशी सिन नावाचा छोटा चौक आहे. तिथल्या कारंज्यावर वाइनची पिंपे पाण्याने भरून मापून घेत. मनोऱ्याच्या मजल्यांवर आता स्थानिक इतिहासाचे संग्रहालय आहे. अरुंद जिन्याने वर चढत गेले की जुनी शस्त्रे आणि कारागिरांची हत्यारे पाहायला मिळतात.